व्याख्येवर उडी आता सगळेच मारतात. फरक पुढे आहे

जुन्या आणि मोठ्या कोडबेसमध्ये (म्हणजे एका प्रकल्पाच्या सगळ्या कोडमध्ये) काम करणाऱ्याचा बराचसा वेळ दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात जातो, म्हणून कोड लिहिण्याचा एडिटर पारखताना मी त्याचे नेव्हिगेशन, म्हणजे कोडमध्ये एका जागेवरून दुसरीकडे जाण्याची सोय, आधी पाहतो. फंक्शनच्या नावावरून त्याच्या व्याख्येपर्यंत पोहोचणे एवढ्यावरून मात्र आता कोणताही एडिटर सरस ठरत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि प्रोग्रामिंग भाषा समजणारा सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम) जाहीर केल्यानंतर भाषेची जाण एडिटरबाहेरच्या सर्व्हरकडे गेली आणि व्हीएस कोड, निओव्हिम व ईमॅक्स या एडिटरांना एकाच सर्व्हरकडून उत्तरे मिळू लागली. निओव्हिममध्ये ०.५ या आवृत्तीपासून आणि ईमॅक्समध्ये २९ या आवृत्तीपासून ही सोय अंगभूत आहे.

खरी कसोटी लागते ती एखादे फील्ड (ऑब्जेक्टमधली किंमत साठवणारी नावाची जागा) कुठे कुठे वापरले आहे हे विचारल्यावर. इंटेलिजे आयडिया या एडिटरात ऑल्ट-एफ७ दाबले की त्या फील्डची किंमत कुठे वाचली जाते आणि कुठे बदलली जाते, हे वेगवेगळ्या गटांत दिसते. किंमत कोण बिघडवतो आहे हे शोधणाऱ्याचे निम्मे काम तिथेच होते. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-एफ१२ ने हाच प्रश्न विचारला तर फाइलवार यादी येते, आणि प्रत्येक ओळ आपणच वाचून ठरवावे लागते. हा व्हीएस कोडचा आळस नव्हे: प्रोटोकॉलनुसार या प्रश्नाचे उत्तर म्हणजे फाइल आणि तिच्यातील जागा, एवढेच असते. इंटेलिजे कोडची स्वतःची अनुक्रमणिका बाळगतो, म्हणून त्याला अधिक सांगता येते. त्याची किंमत प्रकल्प पहिल्यांदा उघडताना मेमरी आणि ताटकळणे या रूपाने मोजावी लागते. जावासाठी ती मला रास्त वाटते, चार फाइलींच्या स्क्रिप्टसाठी मुळीच नाही.

उडी मारल्यावर मूळ जागी परतण्याच्या वाटेचा विचार मात्र विम या एडिटरइतका नेटका कुणी केलेला नाही. त्यात कंट्रोल-टी व्याख्यांच्या उड्या एकेक करून उलगडते, तर कंट्रोल-ओ शेवटच्या शंभर उड्यांच्या यादीतून मागे नेते. दोन्ही हिशेब स्वतंत्र राहतात. व्हीएस कोडच्या 'गो बॅक' या मागे नेणाऱ्या आज्ञेमध्ये फाइलीतली साधी हालचालही मिसळते. केवळ उड्यांपुरते मागे नेणारी वेगळी आज्ञा त्यातही आहे, पण तिला मुळात कळच नेमलेली नाही. ती कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये जाऊन आपणच नेमून घ्यावी लागते.