स्टँडवरचं 120 रुपयांचं इंग्रजी शब्दांचं पुस्तक : घ्या, पण विरुद्धार्थीचा रकाना सोडून

अभ्यासिकेत सध्या ज्याच्या-त्याच्या हातात हेच खिशात मावणारं पिवळं पुस्तक दिसते, नाव लिहीत नाही कारण पुढं शिव्या पण घालणार हाय. दिग्रसच्या स्टँडवर 120 ले भेटते. पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यायनं यात पैसे घालू नका, तुमच्या लेखीले गणित, बुद्धिमत्ता, जीके आन मराठी व्याकरण, इंग्रजी नाहीच. तलाठीवाल्यायले मात्र कामाचं, 2023 च्या भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, एकेकाले 2 मार्क आन निगेटिव्ह मार्किंग नाही. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) परीक्षेत तसं नाही, त्यायच्या सीजीएल या पदवीधरांच्या भरती परीक्षेत टिअर वनले, म्हणजे पहिल्या टप्प्याले, एक उत्तर चुकलं की अर्धा मार्क कटते.

पुस्तकाचा खरा जीव व्याख्यायमधी हाय. 'ड्राउट' खाली नुसतं दुष्काळ लिहून मोकळे झाले नाही, बरेच दिवस पाऊस न पडल्यानं होणारी पाण्याची टंचाई असं सोप्या इंग्रजीत एका ओळीत सांगतलं आन खाली कपाशी वाळल्याचं वाक्य. मी मराठी अर्थावर पट्टी ठेवतो, इंग्रजी ओळ वाचतो आन शब्द ओळखतो, वन वर्ड सबस्टिट्यूशनची (अख्ख्या वाक्याऐवजी एक शब्द) तयारी त्यातच होऊन जाते, वेगळा क्लास कायले पाहिजे.

समानार्थीत जरा घाई झाली. 'फ्रुगल' समोर थ्रिफ्टी, इकॉनॉमिकल, स्टिंजी, मायझर्ली, सगळे एकाच दावणीले बांधले! अरे बावा, थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे कंजूस, पोरीसाठी स्थळ पाहाले गेले आन मुलगा कंजूस हाय म्हटलं तर सोयरीक होईल का? तसंच 'फेमस'च्या बाजूले 'नोटोरियस', तो तर बदनाम माणूस. ऑप्शनमधी दोन्ही आले की असेच शब्द घोळ घालते.

विरुद्धार्थीचा रकाना तर डोळे मिटून छापला वाटते. शब्दाच्या आधी 'इन' लावलं की उलटा झाला असा यायचा हिशेब. 'व्हॅल्युएबल'चा विरुद्ध 'इनव्हॅल्युएबल' दिला, जो खरं म्हणजे अनमोल, उलटा पाहिजे होता 'वर्थलेस'. 'फ्लेमेबल'समोर 'इनफ्लेमेबल', पेट्रोलच्या टँकरमागं मोठ्या अक्षरात काय लिहिलं असते ते एकदा तरी पाहाचं ना, दोन्हीचा अर्थ पेट घेणारं असाच होते, उलटा 'नॉन-फ्लेमेबल'. गावात मास्तर जवळ नसन तर पोट्टे हेच पाठ करते, म्हणून राग येते. हा रकाना पेनानं खोडा आन मोबाईलमधल्या डिक्शनरीवरून भरा, ऑफलाइनवाली टाकून ठेवा, आमच्याकडं लाइट गेली की नेटवर्कही जाते.

कागद पातळ हाय, मागची छपाई पुढं दिसते, बाइंडिंग मात्र दणकट. पाचपैकी साडेतीन. स्टॉलवाला भाव कमी करत नाही, पण कव्हर फाटलेली कॉपी मागतली तर वीस रुपये सोडते.