पीएफयू पॉलिमरेज: काही महिन्यांच्या वापरानंतर, प्रायमरच्या तक्रारीसकट

परवा सिक्वेन्सिंगचे निकाल आले. पाठवलेले सगळे क्लोन (जिवाणूंत घातलेल्या जीनच्या प्रती) स्वच्छ, एकही बेस, म्हणजे डीएनएचं अक्षर, इकडचा तिकडे नाही. म्हणून आज लिहितेय.

पीएफयू आणि टॅक ही दोन्ही पॉलिमरेज, म्हणजे पीसीआरमध्ये डीएनए दुप्पट-दुप्पट करत त्याच्या प्रती काढणारी एन्झाइमं. टॅक सोडून पीएफयूकडे वळले ती पैशांपायी. पीएफयू महाग आहे खरं, पण टॅकने वाढवलेल्या जीनचे क्लोन पुन्हापुन्हा सिक्वेन्सिंगला पाठवणं त्याहून महाग पडत होतं. 1996च्या एका मोजणीत दर दुपटीला, दर दहा लाख बेसमागे टॅकच्या 8 चुका निघाल्या, पीएफयूच्या 1.3. म्हणजे हजार बेसचं जीन 20 वेळा दुप्पट झालं की टॅकच्या 100 प्रतींतल्या सोळाएक बिघडलेल्या, पीएफयूच्या दोन-तीन.

आता तक्रार. हे एन्झाइम प्रायमर खातं, म्हणजे ज्या छोट्या डीएनए तुकड्यापासून प्रत सुरू होते तोच! सुरुवातीला जेलवर बँडच (वाढलेल्या डीएनएचा पट्टा) येईना, आणि तळाशी प्रायमरचा नेहमीचा पट्टाही फिकट. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, "टेम्प्लेट तपासा, मॅडम." टेम्प्लेट, म्हणजे ज्याची प्रत काढायची तो डीएनए, तेच होतं, टॅकला व्यवस्थित चाललेलं. सोबतच्या पत्रकात याबद्दल एक ओळ नाही. इतक्या किमतीच्या व्हायलबरोबर ती हवीच होती.

कारण कळल्यावर मात्र माझं मत बदललं. योग्य बेस निवडायचं काम नुसत्या हायड्रोजन बंधांवर भागत नाही. बरोबर आणि चुकीच्या जोडीतला ऊर्जेचा फरक त्याला पुरत नाही. पॉलिमरेज जोडीचा आकार पाहतं. ए-टी आणि जी-सी या जोड्या एकाच मापाच्या, त्या बसल्या की एन्झाइमची बोटं मिटतात. जी-टी वाकडी बसते आणि काम रखडतं. रसायनशास्त्रज्ञ एरिक कूल यांच्या गटाने 1997 साली थायमिनच्या आकाराचा, पण हायड्रोजन बंध जवळजवळ न करणारा रेणू टेम्प्लेटमध्ये घातला, तरी ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेजने त्याच्यासमोर ॲडेनिनच आणून ठेवलं. मला हा प्रयोग फार आवडतो.

तरीही चुकीचा बेस कधीतरी घुसतोच. मग साखळीचं टोक टेम्प्लेटपासून सुटतं, पीएफयूच्याच दुसऱ्या खाचेत जातं आणि तिथे तो बेस कापला जातो. टॅकमध्ये ही कात्री चालतच नाही. पण कात्रीला दिसतं ते फक्त सुटं टोक. ते चुकीच्या जोडीमुळे सुटलंय की प्रायमर अजून टेम्प्लेटला चिकटलेलाच नाही, हे तिला कळत नाही. माझे प्रायमर जात होते ते त्याच कात्रीखाली, जिच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले.

आता सगळं बर्फावर मिसळते, न्यूक्लिओटाइड (नव्या साखळीचे सुटे घटक) आधी घालते, एन्झाइम अगदी शेवटी, आणि ट्यूब थेट तापलेल्या ब्लॉकमध्ये. नवे प्रायमर मागवताना 3' टोकाच्या (साखळी जिथून वाढते त्या) शेवटच्या जोडात ऑक्सिजनच्या जागी गंधक घालून घेते. थोडे पैसे जास्त जातात, पण तिथे कात्री अडते. बँड ठसठशीत येतो.

वेग कमीच आहे. टॅकला हजार बेसला मिनिट देत असाल तर याला दोन द्या. टोकं बोथट येतात, त्यामुळे टीए क्लोनिंग (टोकाला सुटा ए लागणारी पद्धत) करणाऱ्यांनी शेवटी ए जोडायची पायरी धरावी. जिवाणूंच्या वसाहतीत जीन शिरलं का ते तपासणाऱ्या कॉलनी पीसीआरला मी आजही टॅकच वापरते. तिथे नुसतं हो की नाही बघायचं असतं, पीएफयू घालणं म्हणजे पैसे वाया. जीन क्लोन करायचं असेल तर मात्र हेच घ्या.