वुडकट शिकायचंय, पण कोणाचं बघून?

वुडकट म्हणजे लाकडी फळी कोरून, शाई लावून छापलेलं चित्र. पहिली फळी आणली, पटाशीला धार लावली, आता समोर कोणाची चित्रं ठेवायची? जर्मन वुडकटमध्ये मला दोनच वाटा दिसतात, आणि त्या एकमेकींपासून चांगल्याच लांब आहेत.

पहिली ड्रेस्डेनची. १९०५ साली किर्खनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'ब्र्युके' (म्हणजे पूल) हा गट काढला. तोवर छापील पुस्तकांत चित्रकाराने काढायचं आणि कारागिराने कोरायचं अशी वाटणी रुळली होती. ही पोरं स्वतःच कोरायला बसली. चिरफळ्या उडाल्या, रेघ वाकडी गेली, तरी ते तसंच छापायचे. हेकेलचं १९१० चं पहुडलेल्या फ्रेंझीचं (ही गटाची मॉडेल) चित्र बघा. त्याने ठसा करवतीने कापला, तुकड्यांना वेगवेगळी शाई लावली, काळी नि लाल, आणि तुकडे पुन्हा जुळवून एकदम छापले. ही युक्ती नॉर्वेचा चित्रकार मुंक याची. दोन रंगांसाठी दोन फळ्या जुळवत बसायला नको; फक्त करवत फिरली तिथे बारीक फट राहते. मला ती फट आवडते.

दुसरी वाट बर्लिनच्या कॅथे कोलविट्झची. खून झालेला समाजवादी पुढारी कार्ल लिब्कनेख्ट याच्या मृतदेहाभोवती जमलेल्या शोकाकुल माणसांचं चित्र तिने आधी एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून) करून पाहिलं, मग लिथोग्राफमध्ये (दगडावर काढून छापून). जमेना. १९२० मध्ये जर्मन शिल्पकार बारलाखचे वुडकट पाहिले आणि ती लाकडाकडे वळली. पुढे 'युद्ध' ही सात वुडकटांची मालिका झाली. त्यातल्या 'आईवडील' चित्रात दोन गुडघे टेकलेली माणसं मिळून एकच काळा ढीग झालाय. बापाचा हात तोंडावर, आई त्याच्यावर कोसळलेली. कोलविट्झचा स्वतःचा मुलगा पीटर १९१४ मध्येच पहिल्या महायुद्धात मारला गेला होता.

ब्र्युकेवाल्यांना चित्र बरंचसं लाकडात सापडतं; कोलविट्झ ते आधीच मनात घेऊन येते, लाकडाने फक्त फापटपसारा छाटायचा. तिची काळी छाया सोपी वाटते, पण तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती आणि मागे कित्येक वर्षांचं एचिंग होतं. नवशिक्याने तिची नक्कल केली की कागदावर नुसता डाग उरतो, हे मी माझ्याच फळ्यांवरून सांगतोय.

म्हणून सुरुवात हेकेलपासून करा. एखादा विषय वर्षानुवर्षं पाठ सोडत नसेल, तरच थेट कोलविट्झकडे जा. प्रेस नसली तरी अडत नाही. कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा.