आर्सेनल: ग्रॅहमची भिंत की वेंगरचा वेग?

१९९०-९१ मध्ये प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहमच्या आर्सेनलने, लंडनच्या या फुटबॉल क्लबने, लीगच्या ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले. डिक्सन, अ‍ॅडम्स, बोल्ड, विंटरबर्न हे चार बचावपटू एका रेषेत. चौघे एकदम पुढे सरकले की समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड, म्हणजे पास येताना बचावाच्या रेषेपलीकडे सापडून नियमबाह्य. एकजण अर्धं पाऊल मागे राहिला, की सापळा फसलाच!

२००३-०४ चा प्रशिक्षक वेंगरचा आर्सेनल संघ लीगमध्ये अपराजित, पण गोल खाल्ले २६. स्ट्रायकर आन्री डावीकडे सरकायचा, डावा मिडफिल्डर पिरेस आत यायचा, मोकळ्या कडेने डावा बचावपटू अ‍ॅशली कोल धावायचा. चेंडू हातचा गेला तर कोलमागे मैदान मोकळं. म्हणून मिडफिल्डर जिल्बेर्तो सिल्वा मागे थांबे.

केलेले गोल मात्र ग्रॅहमच्या संघाचे ७४ आणि वेंगरच्या संघाचे ७३! ग्रॅहमला नुसता बचाववादी म्हणणं अन्यायच.

वडोदऱ्यातल्या खडबडीत मैदानांवर जमिनीलगतचे पास उसळतात, वेंगरचा वेग तिथे जमणं अवघड. पोरांना आधी रेषाच शिकवा: चौघांच्या हाती एक दोरी, ती सैल पडू द्यायची नाही.