क्षारपड जमिनीतलं पाणी बघायला घेतलेला यूएसबी मायक्रोस्कोप

खोक्यावर ‘१०००एक्स’ छापलंय, तिकडं लक्षच देऊ नका. तो आकडा स्क्रीनवर चित्र केवढं ताणलं त्याचा असतो, किती बारीक दिसतं त्याचा नाही. प्रयोगशाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपलाही साधारण ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं वेगळं दाखवता येत नाही, तर दोन हजारांच्या आतल्या यंत्राकडून काय मागायचं? मला केसाएवढ्या पोकळीत पाणी काय करतं ते बघायचं होतं. ते यात दिसतं, आणि चांगलं दिसतं.

वाळवा तालुक्यात नदीकाठाला आमचा ऊस आहे आणि खालच्या अंगाचा तुकडा क्षारपड झालाय. ‘क्षार वर येतात’ असं गावात सगळेच म्हणतात. येतात म्हणजे कसे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून सांगलीतल्या एका दुकानातून हे मागवलं.

आधी उजेडाचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे. यंत्राच्या तोंडाशी एलईडी दिव्यांचं कडं आहे. ओल आली की ते सगळे दिवे पाण्यावर चमकतात आणि खालचं काही कळत नाही. केबलवरच्या चाकानं ते बंद करा आणि उजेड खालून द्या. मोबाइलवर कोरं पांढरं चित्र लावायचं, वर ट्रेसिंग पेपर, त्यावर काचपट्टी. ट्रेसिंग पेपर नसेल तर मोबाइलच्या पडद्याचे ठिपके दिसत राहतात.

माती अपारदर्शक, तिच्या आत उजेड शिरत नाही. म्हणून दोन काचपट्ट्यांमध्ये बारीक काचमणी एका थरात पसरले (रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टाकतात ते) आणि लांब कडा दुहेरी चिकटपट्टीनं बंद केल्या. कोरडे असताना प्रत्येक मण्याला जाड काळी कड दिसते. एका तोंडाशी पाण्याचा थेंब ठेवला की पाणी आपसूक आत घुसतं आणि जिथं पोचतं तिथल्या कडा फिक्या होतात. काचेचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचा आकडा) सुमारे १.५, पाण्याचा १.३३, हवेचा १; दोन आकड्यांत फरक जेवढा कमी तेवढा सीमेवरून उजेड कमी परततो. काच आणि हवेच्या सीमेवर समोरून आलेला जवळजवळ ४ टक्के उजेड परत फिरतो, काच आणि पाण्याच्या सीमेवर अर्धा टक्काही नाही. भज्यांचा कागद तेलानं पारदर्शक होतो तोही याच कारणानं. त्यामुळं पाण्यात रंग घालायची गरज पडत नाही, ओलं कुठं आणि कोरडं कुठं ते आपोआप कळतं.

खरी मजा सुकताना आहे. पाण्याची कड हळूहळू मागं सरकेल असं वाटतं, पण तसं होत नाही. ती एका जागी अडून राहते, वाकते आणि एकदम एक अख्खी पोकळी रिकामी होते. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका चित्रात पाणी, पुढच्यात हवा. मधलं काही सापडतच नाही, कारण ही उडी मिलिसेकंदांत संपते. हेन्स या मृदाशास्त्रज्ञानं १९३० मध्ये हे मांडलं, म्हणून तिला हेन्स उडी म्हणतात. मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात, बारीक फटी शेवटपर्यंत ओल्या राहतात आणि त्याच फटींतून पाणी उघड्या तोंडाकडं ओढलं जातं.

मग तेच मिठाच्या पाण्यानं केलं. उघड्या तोंडाशी पहिला चौकोनी स्फटिक उभा राहिलेला दिसला तेव्हा मी मुलाला हाक मारून बोलावलं. आत, मण्यांच्या मध्ये, काहीच नाही; सगळं मीठ तोंडाशी, जिथून पाण्याची वाफ होते तिथं. आमच्या रानात वर येणारा पांढरा थर हाच.

गणितही याच्याशी जुळतं. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण १५ सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. काळ्या मातीतल्या पोकळ्या याहूनही बारीक, म्हणून पाणी सावकाश चढतं पण फार उंच चढतं. वरून पाणी कमी दिलं तरी भूजल वर असेल तोवर क्षार येतच राहणार. सच्छिद्र पाइप टाकून खालची पातळी उतरवा असं का सांगतात, ते मला या काचपट्टीवर पटलं.

प्रत्यक्ष मातीचं एकच चांगलं दिसतं. कमी मोठेपणावर सुकं ढेकूळ पाण्यात सोडा. नांगरटीच्या रानातलं ढेकूळ बुडबुडे सोडत फुटून पसरतं; बांधावरच्या गवताखालचं बराच वेळ तग धरतं.

तक्रारी दोन. स्टँड हलका प्लॅस्टिकचा आहे, टेबलाला हात लागला तरी चित्र हलतं. मी तो लाकडी फळीवर स्क्रूनं बसवला. फोकस दोनच अंतरांवर नीट लागतो, अगदी जवळ किंवा बराच वर, अधलंमधलं काही नाही. मोबाइलला जोडायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉपवर व्हिडिओ साठवता येतो आणि उडी बघायला तो एकेक चित्र पुढं सरकवावाच लागतो. शाळांनी आणि क्षारपड रान असलेल्यांनी जरूर घ्यावा. घेताना दुकानातच काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्याची कड रेखीव दिसते का ते तपासा.