पुष्पा की केजीएफ?

गरीब घरातला पोरगा, डोक्यात आई आणि पुढे गुन्हेगारीची शिडी. ‘केजीएफ’ (2018) आणि ‘पुष्पा’ (2021) या दोन चित्रपटांचा सांगाडा एकच.

दिग्दर्शक प्रशांत नीलचा रॉकी, म्हणजे ‘केजीएफ’चा नायक, माणूस कमी, दंतकथाच जास्त. गोष्ट सांगणारा निवेदक, धुळकट काळपट रंग, झपाझप कट आणि रवी बसरूरचं दणदणीत संगीत. थिएटरात अंगावर काटा येतो, हे कबूल. पण रॉकी हरेल अशी भीती कधीच वाटत नाही, आणि घरी छोट्या पडद्यावर निम्मी जादू उतरते.

दिग्दर्शक सुकुमारचा पुष्पा मातीतला. आंध्रातल्या शेषाचलमच्या जंगलातली रक्तचंदनाची तस्करी, लपवाछपवी, दलालांचा हिशेब, चित्तूरकडची बोली, अल्लू अर्जुनचा तिरपा खांदा. हिंदीत आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा, आणि तो चपखल बसलाय. मात्र पोलीस अधिकारी झालेला फहाद फासिल फार उशिरा येतो. शेवट उरकल्यासारखा वाटतो.

नायिकांच्या बाबतीत दोघेही नापास. एक तिच्या मनाविरुद्ध तिच्या मागे लागतो, दुसऱ्यासाठी मित्र तिच्या हसण्याचे पैसे मोजतो, आणि याला प्रेम म्हणायचं!

मोठा पडदा मिळाला तर केजीएफ. पुन्हा पाहायला मात्र मी पुष्पाच लावेन.