पहिला तास चोख, पुढचे दिवस सैल: एका ट्रॉमा विभागाचा अनुभव

मोटारसायकलला ट्रकची धडक बसल्यावर माझ्या धाकट्या भावाला ज्या रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागात नेले, तेथील सेवेबद्दल हे लिहीत आहे. मांडीचे हाड मोडून त्याचा पाय वाकडा झाला होता आणि आम्हा घरच्यांची नजर तिथेच खिळली होती. डॉक्टर मात्र पायाला हात लावायला तयार नाहीत, याचा मला रागच आला. क्रम त्यांचाच बरोबर होता. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चालतो का, रक्त कुठे जात आहे, शुद्ध कितपत आहे, हे पाहिल्याखेरीज मोडलेल्या हाडाची पाळी येत नाही.

मानेला कॉलर होतीच. चौघांनी एकाच्या इशाऱ्यावर त्याला सरळ रेषेत कुशीवर वळवून पाठ तपासली, कपडे कात्रीने कापले आणि लगेच अंगावर उबदार पांघरूण घातले. अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही, असे सिस्टरांनी हातचे काम न थांबवता सांगितले. खाटेजवळच केलेल्या सोनोग्राफीत पोटात रक्त दिसताच, नुसत्या सलाइनवर वेळ न काढता आणि रक्तगट जुळण्याची वाट न पाहता, ओ गटाचे रक्त सुरू झाले. सोबत रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिडही दिले. हे औषध दुखापतीनंतर ३ तासांच्या आत द्यावे लागते, म्हणूनच अपघाताची नेमकी वेळ मला तिघांनी विचारली होती. त्याच रात्री फाटलेली प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव, काढली. मांडीला बाहेरून सळ्या लावून हाड तात्पुरते स्थिर केले आणि मोठी शस्त्रक्रिया प्रकृती सावरल्यावर केली.

तक्रार पुढची आहे. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाल्यावर भावाला उजव्या हातात पेला धरता येईना, तेव्हा मनगट मोडल्याचे उघड झाले. गंभीर जखमींत अशी लहान फ्रॅक्चर सुरुवातीला निसटतात, त्यात नवल नाही. पण त्यासाठीच साधारण २४ तासांत डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासणी करायची पद्धत आहे, आणि फाइलमध्ये तिची एका ओळीचीही नोंद नव्हती. शस्त्रक्रियेच्या रात्री संमतीपत्रावर सही घेऊन गेलेले डॉक्टरही पहाटेपर्यंत परत फिरकले नाहीत.

लेखी तक्रारीनंतर विभागप्रमुखांनी स्वतः पूर्ण तपासणी करून नोंद केली. प्लीहा नसलेल्या माणसाला न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्ध ज्या लशी लागतात, त्या मात्र कोणी आठवण न करताच डिस्चार्जच्या कागदावर तारखांसह लिहिलेल्या होत्या.